गोळी पोटात आणि चटका चेहऱ्यावर : ऊन न सोसणारी औषधे

मागच्या हळद काढणीच्या दिवसांतली गोष्ट आहे. कनेरगाव नाक्यावरच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही आरोग्याचे चार शब्द बोलतो. त्या दिवशी सगळे उठले तरी एक ताई पदराने तोंड झाकून मागच्या भिंतीला टेकून बसून राहिल्या. पदर बाजूला केला तर कपाळ, नाक आणि दोन्ही गाल तांबूस-काळे पडलेले. हातांच्या पाठीवर पाण्याने भरलेले फोड. "रात्रभर आग होते हो, पंख्याखालीबी राहवत नाही," एवढेच त्या बोलल्या.

वस्तीत तोवर निदान करून झाले होते. कोणी म्हणाले अंगातली गरमी बाहेर पडली. कोणी म्हणाले बाहेरचे लागले, दाखवून आणा. एका शेजारणीने दुकानातून खाज-खरजेची ट्यूब आणून दिली होती, ती दोन दिवस चोळून झाली होती. आम्ही मात्र त्यांच्या हाताकडे पाहत होतो. बांगड्या वर सरकवल्या तर खालची कातडी स्वच्छ होती. पोलक्याची बाही जिथे संपते तिथे पट्टीने आखावी तशी रेघ होती. रेघेच्या खाली जळलेले, वर काहीच नाही. हनुवटीच्या खालचा भाग आणि कानामागची जागासुद्धा कोरी. बाहेरचे लागले असते तर त्याने पोलक्याच्या बाहीचा एवढा मान कशाला ठेवला असता?

मग प्रश्न एकच राहिला. ताई, आठ-पंधरा दिवसांत कुठल्या गोळ्या घेतल्या का? ताप आला होता, गोळ्या घेतल्या, पण नाव कोणाच्या ध्यानात राहते? मुलगा घरी पळाला आणि पिठाच्या डब्यामागून अर्धी रिकामी पट्टी घेऊन आला. डॉक्सिसायक्लिन. जेवणानंतर घ्या, एवढे त्यांना सांगितले होते. उन्हाचे कोणी सांगितले नव्हते. त्या गोळीवर असताना ताई सकाळी आठपासून पाचपर्यंत हळदीच्या रानात वाकलेल्या होत्या, तेही मार्चच्या उन्हात.

यावेळी या पानावर हाच विषय घेतला आहे. काही औषधे अशी असतात की ती शरीरात किंवा कातडीवर असताना ऊन लागले तर कातडी भाजते, काळवंडते किंवा खाजेने फुटून येते. वैद्यकात त्यांना प्रकाशसंवेदक म्हणतात. आपण सोप्या भाषेत ऊन न सोसणारी औषधे म्हणू. ज्याचा दिवस कचेरीतल्या पंख्याखाली जातो त्याला ही माहिती नसली तरी फारसे बिघडत नाही. आपल्या वस्तीतल्या माणसाचा रोजगारच उन्हात असतो. कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी, वीटभट्टी, उसाची तोड, रस्त्याचे काम, यांपैकी एकही काम सावलीत होत नाही. म्हणून ही माहिती सगळ्यात आधी आपल्या घरांत पोचायला हवी होती, आणि पोचते मात्र सगळ्यात शेवटी.

हे घडते कसे?

आपल्याला दिसतो त्या उजेडाखेरीज उन्हात न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांच्यातले दोन प्रकार जमिनीपर्यंत येतात. एकाला यूव्हीबी म्हणतात. त्याने साधे उन्हाचे भाजणे होते आणि खिडकीची काच त्याला बहुतेक अडवते. दुसरा यूव्हीए. तो कातडीत खोलवर जातो, ढगांतून येतो आणि काचेतूनही बराच येतो. बहुतेक औषधांची गडबड याच यूव्हीएमुळे होते. त्यामुळे एस.टी.च्या खिडकीशी बसून हिंगोलीहून वाशिमला गेलेल्या माणसाचा एकाच बाजूचा गाल आणि एकच हात भाजू शकतो. आभाळ भरून आले म्हणूनही सुटका होत नाही.

गोळी पोटात विरघळते, रक्तात जाते आणि रक्तावाटे कातडीतही पोचते. काही औषधांच्या कणांना हे किरण शोषून घ्यायची खोड असते. किरण शोषला की तो कण चेकाळतो आणि आपल्याजवळची जादा शक्ती शेजारच्या पेशींवर टाकतो. कातडीतल्या प्राणवायूचे तिखट रूप तयार होते आणि पेशी जळतात. औषध एकटे काही करत नाही, ऊनही एकटे एवढे करत नाही. दोघांची गाठ पडली की भाजते.

हे कसे उमगले तीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. जर्मनीत म्युनिक येथे ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी एका रंगद्रव्याचा पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर काय परिणाम होतो ते पाहत होता. तेच द्रव्य, तेवढेच प्रमाण, पण कधी जीव लवकर मरत, कधी बराच वेळ जगत. शेवटी ध्यानात आले की फरक उजेडाचा आहे. हे त्याने १९०० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९१२ मध्ये मेयर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने तर स्वतःलाच हेमॅटोपॉर्फिरिन नावाच्या द्रव्याचे इंजेक्शन टोचून घेतले आणि उन्हात गेला. तोंड एवढे सुजले की माणूस ओळखू येईना, आणि पुढे दोन महिन्यांहून अधिक काळ त्याला ऊन सोसले नाही. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता स्वतः तपासून पाहण्याची ही वृत्ती आपल्याला परकी नाही. तरी असे प्रयोग घरी कोणी करू नयेत.

कातडीवरचे परिणाम दोन तऱ्हांचे असतात. पहिल्या तऱ्हेत काही तासांतच आग, लाली, सूज, कधी फोड, आणि नंतर काळे डाग. औषध पुरेसे आणि ऊन पुरेसे असेल तर हे कोणालाही होऊ शकते, पहिल्याच वेळीसुद्धा. ताईंचे हेच झाले होते. दुसरी तऱ्हा वावड्याची, म्हणजे ॲलर्जीची. तिथे शरीराची आधी त्या द्रव्याशी ओळख झालेली असते. नंतर ऊन लागले की एक ते तीन दिवसांनी खाज सुटते, बारीक पुरळ येते, पाणी सुटते, आणि ते झाकलेल्या भागावरही पसरू शकते. ही तऱ्हा सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होते त्याला थोडेसे औषधही पुरते.

"आपली कातडी काळी, आपल्याला ऊन बाधत नाही," हे आम्ही वस्तीत नेहमी ऐकतो. काळ्या रंगाचे काही संरक्षण असते हे खरे आहे, पण या औषधांपुढे ते पुरे पडत नाही. शिवाय सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, नुसता काळपटपणा आणि आग असते. डॉक्टरांच्या पुस्तकांतली चित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. त्यामुळे आपली तक्रार "काही दिसत तर नाही" म्हणून उडवली जाण्याची भीती असते. आग होते आहे हे ठासून सांगा. आणि बरे झाल्यावर राहणारे काळे डाग सावळ्या कातडीवर महिनोन्महिने टिकतात. तो डाग औषधाचा नसतो, कातडीच्या जखमेचा असतो. हळूहळू जातो.

आपल्या घरात येणाऱ्या कोणत्या गोळ्या?

डॉक्सिसायक्लिनचे नाव घेतले, पण तिला दोष देऊन चालणार नाही. स्क्रब टायफस हा गवतातल्या बारीक गोचिडासारख्या किड्याच्या अळीपासून होणारा ताप २०१८ मध्ये पैनगंगेच्या पलीकडे विदर्भात पसरला होता, त्यावर हीच गोळी जीव वाचवते. मुंबईत पावसाच्या तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो होऊ नये म्हणून महापालिकेचे दवाखाने हीच देतात. मुंबईच्या वस्त्यांत आपली हजारो माणसे आहेत, त्यांनाही हे कळवा. ही गोळी भांडेभर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. काहींची नखेसुद्धा या गोळीवर ऊन लागल्याने टोकाकडून सुटतात.

नायटा-गजकर्ण सध्या घरोघरी आहे. त्यावरची ग्रिसिओफुल्विन ही जुनी गोळी उन्हाला नाजूक करते. लघवीची जळजळ, जुलाब यांवर सर्रास दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातल्या गोळ्याही तशाच. सल्फाच्या गोळ्यांचेही तेच. सांधेदुखीवरच्या पायरॉक्सिकॅमने हे होते. गुडघ्याला, कमरेला चोळायच्या जेलमध्ये किटोप्रोफेन असेल तर तिथल्या कातडीला ऊन लागू द्यायचे नाही, आणि लावणे थांबवल्यावरही दोन आठवडे जपायचे. जेल लावलेल्या हाताने तोंड पुसले तर तोंडावरही उठते, म्हणून हात धुवा.

रक्तदाबाच्या गोळीकडे जरा नीट पाहा. दोन औषधे एकत्र असलेल्या गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर तो बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइडचा 'एच' असतो. पायाची सूज उतरवणारी फ्रुसेमाइडही याच यादीत बसते. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षे चालते, त्यामुळे चेहरा आणि हात हळूहळू काळवंडत जातात आणि माणूस म्हणतो वय झाले. मानसिक आजारावरची क्लोरप्रोमाझिन आणि हृदयाचे ठोके सुधारणारी अमिओडॅरोन यांनी काहींच्या उघड्या कातडीवर निळसर-राखी छटा येते.

आता टीबी आणि कुष्ठरोग. या दोन आजारांवर बोलताना आम्हाला भीती वाटते ती अशी की हा लेख वाचून कोणी गोळ्या सोडून देईल. तसे करू नका. टीबीच्या पायराझिनामाइडने काहींना ऊन बाधते. कुष्ठरोगाच्या एमडीटीतल्या क्लोफाझिमिनने कातडी तांबूस-काळी पडते, उघड्या भागावर जास्त. पण तो औषधाचाच रंग असतो, भाजणे नव्हे, आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत, कधी वर्षभराने किंवा त्याहून उशिरा उतरतो. लोक ओळखतील या भीतीने गोळ्या टाकून दिल्या तर आजार हात-पाय वाकडे करतो. रंग उतरतो, वाकडी झालेली बोटे आपोआप सरळ होत नाहीत.

टीबीच्याच आयसोनियाझिड या गोळीची गोष्ट वेगळी आहे आणि ती थेट आपल्या भाकरीशी येऊन भिडते. पेलाग्रा नावाचा आजार आहे. त्यात उन्हात उघड्या राहणाऱ्या भागावर, विशेषतः हातांच्या पाठीवर आणि गळ्याभोवती माळेसारखी, कातडी काळी, जाड, भेगाळलेली होते. सोबत जुलाब लागतात, झोप उडते, माणूस विसरभोळा होतो. पाहणाऱ्याला वाटते ऊन लागले. खरे कारण असते शरीरात नायसिन या जीवनसत्त्वाची तूट. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी दाखवले की दख्खनमध्ये हा आजार ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसतो. ज्वारीतले ल्युसिन जास्त असल्याने असे होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर पुढे शास्त्रज्ञांत वादही झाला. पण रुग्ण कोण होते हे पाहा. ज्याच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा याखेरीज काही नव्हते, ते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती आणि थोड्याच वर्षांपूर्वीपर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे हे संशोधन आपल्याच आजा-पणजांच्या ताटावरचे आहे म्हणा ना.

ज्वारी वाईट नाही. तिच्यासोबत डाळ, शेंगदाणे, अंडे, मासळी काहीही असले तर हा आजार होत नाही. पण ताट अपुरे, त्यात दारू, आणि त्यात आयसोनियाझिड अशी तीन कारणे एकत्र आली तर होऊ शकतो. टीबीच्या रुग्णाला बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी देतात. ती चुकवू नका, आणि हातांची कातडी अशी झाली तर आशाताईंना दाखवा. नायसिन मिळाले की हा आजार पाहता पाहता बरा होतो.

कोड, बावची आणि उन्हाचा उपयोग

आतापर्यंत ऊन आणि औषधाची गाठ नको असे सांगितले. एके ठिकाणी मात्र ती मुद्दाम घालतात. पांढरे कोड. बावची नावाचे रानटी झुडूप आहे, त्याच्या काळ्या बियांचे तेल कोडावर लावून उन्हात बसायचे, हा आपल्या देशातला फार जुना उपाय. १९३३ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी या बियांतून सोरालेन हे द्रव्य वेगळे काढले. इजिप्तमध्येही तिथल्या एका वनस्पतीतून याच जातीचे द्रव्य मिळाले आणि १९४० नंतरच्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी ते कोडावर वापरले. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन येथे सोरालेनची गोळी आणि यूव्हीए दिव्यांची पेटी यांची जोडी सोरायसिसवर यशस्वी झाली आणि जगभर गेली. आपल्याकडे पेटी सगळीकडे नसते, म्हणून डॉक्टर गोळी देऊन ठरलेल्या वेळी सूर्यप्रकाशातच बसायला सांगतात.

ही जोडी म्हणजे दुधारी सुरी आहे. गोळी घेतल्यावर साधारण दोन तासांनी उन्हात बसायचे, सुरुवात मोजून काही मिनिटांची, आणि डॉक्टरांनी सांगितले तेवढेच हळूहळू वाढवायचे. त्या दिवशी उरलेला वेळ अंग झाकून ठेवायचे. डोळ्यांना अतिनील किरण अडवणारा चष्मा पूर्ण दिवस, नाहीतर मोतीबिंदूची भीती. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी ही गोळी घ्यायची नाही. लवकर गुण यावा म्हणून पाच मिनिटांची पंचवीस मिनिटे केली तर दुसऱ्या दिवशी अंगभर फोड येतात.

बाटलीतल्या बावची तेलाचे तर मोजमापच नसते. कोणत्या बाटलीत किती सोरालेन आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. आमच्या पाहण्यात एक मुलगी आली होती. लग्नाची बोलणी सुरू होती, पायावर रुपयाएवढा पांढरा डाग. घरच्यांनी गुपचूप तेल आणले, रात्री लावले, सकाळी मुलगी रानात गेली. संध्याकाळी पाय गुडघ्यापर्यंत सुजला. डाग होता रुपयाएवढा, जखम झाली तळहाताएवढी. आणि जिथे कातडी जखमी होते तिथे नवे कोड उठण्याचीही भीती असते. बावचीचे चूर्ण पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकात आहेत. वनस्पती म्हणजे निर्धोक, असे मानू नका.

आता मोठ्या रुग्णालयांत नॅरोबँड यूव्हीबी नावाच्या दिव्यांनी कोडावर उपचार करतात, त्यात गोळी घ्यावीच लागत नाही. नांदेड किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभागात चौकशी करा.

कोड संसर्गाने होत नाही. ते कुष्ठरोग नव्हे. शरीराची संरक्षण व्यवस्था चुकून स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते तेव्हा ते होते. हे मागच्या जन्मीचे पाप म्हणणारे आजही भेटतात, आणि खेदाने सांगतो, आपल्या वस्तीतही भेटतात. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना हाच प्रश्न विचारला आहे : माणूस जे भोगतो ते सगळे पूर्वकर्माचेच का? बुद्धांनी तसे मानणाऱ्यांना चुकीचे ठरवले आणि पित्त, कफ, वात, ऋतूतला बदल, चुकीची वागणूक, बाहेरचा आघात अशी कारणे मोजून दाखवली. ऋतूतला बदल तिथे आहे, म्हणजे ऊनही आलेच. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माची कल्पना तपासून नाकारली. तो ग्रंथ विहारात वाचायचा आणि कोड असलेल्या मुलीची सोयरीक मात्र मोडायची, हे कसे जमते?

गोरे होण्याचा नाद

औषध नसलेल्या पण औषधाइतक्याच भाजणाऱ्या दोन गोष्टी. पहिली लिंबू. चेहरा उजळावा म्हणून मुली लिंबाची फोड चोळतात आणि शाळा-कॉलेजला उन्हातून जातात. लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेनच्या जातीची द्रव्ये असतात. दुसऱ्या दिवशी ओघळाच्या आकाराचे काळे पट्टे उठतात. उजळायला गेलेली मुलगी काळे डाग घेऊन बसते. सरबताच्या गाड्यावर दिवसभर लिंबे पिळणाऱ्या पोरांच्या हातांवरही हेच दिसते. उन्हात जायच्या आधी हात साबणाने धुतले की टळते.

दुसरी, दुकानात मागितली की मिळणारी गोरेपणाची ट्यूब. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड, रंग काढणारे हायड्रोक्विनोन आणि कातडी सोलणारे ट्रेटिनॉइन एकत्र असते. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, ऊन लागताच आग होते, आणि ट्यूब बंद केली की आणखी बिघडते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडच्या अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांत घातले. कायदा आहे, काउंटरवर तो फारसा दिसत नाही. ताईंच्या शेजारणीने आणलेली ट्यूब याच वाणाची होती. आपल्या रंगाला ज्यांनी कमी लेखले त्यांची मोजपट्टी आपण आपल्या मुलींच्या गालावर लावायची, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

रस्त्याच्या कामावर जाणाऱ्यांसाठी एक ओळ : दगडी कोळशापासून केलेले डांबर कातडीला लागून त्यावर ऊन पडले तर चुरचुरते आणि काळे पडते. सोरायसिसवरच्या डांबरी मलमाचेही तसेच.

ऊनच आहे की दुसरे काही?

नाक्यापासून रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या फुलांचे गाजर गवत माजलेले असते. त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. १९५० नंतरच्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांत भरले. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे सांगतात. पुढे पुण्याच्या डॉ. लोणकरांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये त्याच्या त्वचारोगावर लिहिले. हे गवत उपटणाऱ्या बायांच्या आणि रानात राबणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर, मानेवर असाच चट्टा उठतो आणि तोही उन्हाचा वाटतो. फरक असा की गवताची भुकटी हवेतून येते, म्हणून ती पापण्यांवर, हनुवटीखाली, कानामागे, कोपराच्या वळीतही जाते. ऊन तिथे पोचत नाही. मात्र वर्षानुवर्षे गवताचा त्रास असलेल्या काहींना शेवटी नुसते ऊनही सोसेनासे होते.

बाईला उन्हात गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली, सोबत सांधे दुखणे, केस गळणे, तोंडात फोड असे असेल तर तो ल्युपस असू शकतो. त्याची रक्त-लघवी तपासणी करून घ्या. आणि कुठल्याही गोळीनंतर ताप येऊन तोंड, डोळे, लघवीची जागा यांना फोड आले, झाकलेल्या अंगावरची कातडी दुखून सुटू लागली, किंवा चेहरा सुजून श्वास अडकला तर ते ऊन नव्हे. सावलीत बसून वाट पाहू नका, तासाभरातच रुग्णालय गाठा.

मग करायचे काय?

डॉक्टरांना दोन वाक्ये सांगायची : "मी दिवसभर उन्हात काम करतो. या गोळीवर ऊन चालते का?" विचारायला लाज वाटू देऊ नका. पर्याय असेल तर ते गोळी बदलतील. गोळीची पट्टी फेकू नका. संपली तरी कागदासह एका पिशवीत ठेवा आणि दवाखान्यात जाताना ती पिशवी न्या. ताईंचे निदान त्या पिठाच्या डब्यामागच्या पट्टीने केले.

गोळी स्वतःहून बंद करायची नाही, विशेषतः टीबी, कुष्ठरोग, रक्तदाब, हृदय आणि मानसिक आजाराची. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत.

भाजले असेल तर सावलीत या, साध्या पाण्यात भिजवलेल्या सुती फडक्याने वरचेवर गार करा. बर्फ, टूथपेस्ट, लिंबू, बिब्बा काही नको. बिब्बा तर निरोगी कातडीही जाळतो. फोड फोडू नका.

कामावर जावेच लागते, हे आम्हालाही कळते. घड्याळ नसेल तर स्वतःची सावली पाहा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड आहे तोवर किरण कडक. गोळ्या चालू असताना जमेल तर पहाटे लवकर सुरू करून दुपारी झाडाखालचे काम मागून घ्या. आपल्या बाया पोलक्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालून रानात जातात, ते उत्तम आहे. फक्त तो विरलेला नको. घट्ट विणीचे, गडद रंगाचे सुती कापड पातळ पांढऱ्यापेक्षा हे किरण जास्त अडवते, आणि घामाने भिजलेले पातळ कापड कमी अडवते. डोक्याला पदर किंवा दस्ती, गळ्यालाही गुंडाळा, हातांच्या पाठींवर जुने मोजे पाडून घाला. सनस्क्रीन महाग पडते. घ्यायचेच असेल तर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेले घ्या, कारण नुसता एसपीएफचा आकडा यूव्हीएचे सांगत नाही.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत भर दुपारी चालणाऱ्या मुलांपैकी कोणाला तापाच्या किंवा नायट्याच्या गोळ्या चालू असतील, तर आईने त्याच्या डोक्यावर टोपी आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच पाठवावे. निळा सदरा असेल तर दोन्ही कामे होतात.

ताईंच्या गोळ्यांचे दोन दिवस उरले होते. डॉक्टरांनी त्या पूर्ण करायला लावल्या, घरात राहायला सांगितले आणि ट्यूब बंद केली. आग चार दिवसांत थांबली, फोड वाळले. सहा दिवसांची मजुरी गेली ती गेली. कपाळावरचे काळे सोयाबीनच्या सोंगणीपर्यंत फिके होत आले होते. आता त्या औषधाच्या पट्ट्या एका पिशवीत घालून खुंटीला टांगून ठेवतात, आणि वस्तीत कोणाच्या अंगावर उठले की आधी विचारतात, "गोळी कोणती चालू आहे?"